प्रॉव्हिडंट हॉस्पिटल आणि तिथलं नर्सिंग स्कूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंगच्या इतिहासाचा तास घेताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल झाल्या की मी शिकागोच्या प्रॉव्हिडंट हॉस्पिटलकडे वळते. हा भाग मी अभ्यासक्रमाबाहेरून घेते, तरी सगळ्यात जास्त हात याच तासाला वर होतात. वर्गात मुलींनी विचारलेले आणि स्टाफरूममध्ये सिस्टरांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मराठीत या विषयावर सलग वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर लिहिली आहेत.

प्रॉव्हिडंट म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या शिकागो शहरात ४ मे १८९१ रोजी सुरू झालेलं हॉस्पिटल. पूर्ण नाव ‘प्रॉव्हिडंट हॉस्पिटल अँड ट्रेनिंग स्कूल’. कृष्णवर्णीय लोकांनी स्थापन केलेलं आणि त्यांनीच चालवलेलं अमेरिकेतलं हे पहिलं हॉस्पिटल म्हणून ओळखलं जातं. एकोणतिसावा रस्ता आणि डिअरबॉर्न रस्ता जिथे मिळतात, तिथल्या एका तीन मजली विटांच्या घरात ते उघडलं. खाटा होत्या फक्त १२.

नावातला ‘ट्रेनिंग स्कूल’ हा भाग नजरेतून सुटू देऊ नका. हॉस्पिटल आधी आणि नर्सिंग स्कूल मागाहून, असा नेहमीचा क्रम असतो. इथे एका मुलीला नर्स व्हायचं होतं, म्हणून हॉस्पिटल उभं राहिलं.

ती मुलगी कोण?

एमा रेनॉल्ड्स. जन्म १८६२, ओहायो राज्यातला. शिकून कॅन्सस सिटीत तिने काही वर्षं शिक्षिकेची नोकरी केली. आपल्या लोकांना आजारपणात धड सुश्रूषा मिळत नाही हे ती पाहत होती, आणि परिचारिकेचं शिक्षण घ्यायचं ठरवून ती शिकागोला आली. तिचा भाऊ लुइस रेनॉल्ड्स तिथल्या सेंट स्टीफन या आफ्रिकन मेथडिस्ट चर्चचा पाळक होता.

शिकागोत तेव्हा नर्सिंग स्कूलं होती. एमा पात्रही होती. तरी वर्णामुळे तिला प्रत्येक ठिकाणी नकार मिळाला. भावाने शहरातले नावाजलेले कृष्णवर्णीय सर्जन डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांची गाठ घेतली. विनंती एवढीच होती, की तुमच्या ओळखीने हिला कुठे तरी प्रवेश मिळवून द्या. विल्यम्स यांनी प्रयत्न केला, पण कुणी दाद दिली नाही.

इथे बहुतेक माणसं थांबली असती. ‘बघितलं, नाही जमलं’ म्हणून विषय मिटला असता. विल्यम्स यांनी मात्र ठरवलं, की एका मुलीसाठी दार ठोठावत बसण्यापेक्षा आपणच हॉस्पिटल काढू. त्यात मुलींना नर्सिंग शिकवू आणि आपल्या तरुण डॉक्टरांनाही तिथे अनुभव मिळेल. डिसेंबर १८९० मध्ये ठरलं आणि मे महिन्यात रुग्ण आत आले, पण हे सहज झालं नाही. सभा झाल्या, वाद झाले, घरोघरी वर्गणी मागितली गेली. जानेवारी १८९१ मध्ये संस्थेची नोंदणी झाली.

आनंदीबाई जोशींना तर १८८६ मध्येच अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी मिळाली. मग एमाला साधा नर्सिंगला प्रवेश का नाही?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि मला तो फार आवडतो.

आनंदीबाई शिकल्या ते फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. स्त्रियांना कुणी डॉक्टर होऊ देत नाही म्हणूनच ते निघालं होतं. तिथून रिबेका कोल ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १८६७ मध्येच डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. म्हणजे सगळ्या अमेरिकेत एकच नियम नव्हता. दार कुठलं आणि ते कोण उघडतं, यावर सगळं अवलंबून होतं.

नर्सिंग स्कूलांची गोष्ट वेगळी होती. ती हॉस्पिटलांना जोडलेली असत. मुलगी तिथेच राहायची, तिथेच जेवायची आणि गोऱ्या रुग्णाला अंग पुसून द्यायची. गोरे रुग्ण तिच्या हातून सेवा घेणार नाहीत, गोऱ्या मुली तिच्यासोबत राहणार नाहीत, अशी कारणं पुढे केली जात. स्पर्शाचा आणि सहवासाचा प्रश्न होता. आपल्या वाचकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

पण गुलामगिरी १८६५ मध्येच संपली होती ना?

कायद्याने संपली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हा एमा अकरा वर्षांची होती. त्या लढ्याने बेडी तोडली, हे खरं. पण हॉस्पिटलच्या दारावर कुलूप होतंच. दक्षिणेतल्या राज्यांत वेगळे वॉर्ड, वेगळी दारं असे उघड नियम होते. शिकागो उत्तरेत. तिथे पाटी नव्हती, पण कृष्णवर्णीय डॉक्टरला हॉस्पिटलात स्वतःच्या रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार जवळपास मिळतच नसे. मग शस्त्रक्रिया कुठे करायची? रुग्णाच्या घरी, बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. विल्यम्स यांनी स्वतः अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या.

त्याआधी कृष्णवर्णीय परिचारिका नव्हत्याच का?

सेवा करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. प्रशिक्षण घेऊन पदविका मिळवलेली पहिली म्हणजे मेरी एलायझा महोनी. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलच्या स्कूलमधून ती १८७९ मध्ये उत्तीर्ण झाली. तिच्या तुकडीत ४२ जणींनी सुरुवात केली होती आणि शेवटपर्यंत टिकल्या ४. महोनी त्यांतली एक. अटलांटातल्या स्पेलमन संस्थेत १८८६ पासून नर्सिंगचा वर्ग होता. पण कृष्णवर्णीयांचं स्वतःचं हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं स्वतःचं स्कूल, ही वाट प्रॉव्हिडंटने घालून दिली.

डॉ. विल्यम्स कोण होते?

जन्म १८ जानेवारी १८५६, पेनसिल्व्हेनियातलं हॉलिडेजबर्ग गाव. वडील न्हावी. ते क्षयाने गेले तेव्हा डॅनियल लहानच होता. त्याला बाल्टिमोरमध्ये चांभाराकडे काम शिकायला ठेवलं. तिथे मन रमलं नाही. पुढे विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावात त्याने केस कापण्याचं दुकान चालवलं, आणि तिथेच डॉ. हेन्री पामर यांच्या हाताखाली वैद्यक शिकायला लागला. १८८३ मध्ये शिकागो मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाला. हेच कॉलेज पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं झालं. तिथे त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवलंही, आणि १८८९ मध्ये इलिनॉय राज्याच्या आरोग्य मंडळावर त्यांची नेमणूक झाली.

हॉस्पिटल निघालं तेव्हा त्यांचं वय होतं ३५.

पैसा कुठून आला?

मोठ्या रकमा मांसव्यापारी फिलिप आर्मर, दुकानदार मार्शल फील्ड, रेल्वेडब्यांचे कारखानदार जॉर्ज पुलमन अशा गोऱ्या धनिकांनी दिल्या. पुस्तकांत ही नावं ठळक छापलेली असतात. पण १८९० मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांची वस्ती जेमतेम १५ हजारांची होती. त्यांत मोलकरणी, हमाल, पुलमनच्याच डब्यांत काम करणारे नोकर. चर्चमधून वर्गणी गोळा झाली, घराघरांतून चादरी, कापड, खाण्याचे जिन्नस आले. फॅनी बॅरियर विल्यम्स या कार्यकर्तीने नर्सिंग स्कूलसाठी फार खटपट केली. आडनाव एकच असलं तरी डॉक्टरांशी तिचं नातं नव्हतं. आर्मर यांची देणगी नसती तर इमारत मिळाली नसती, हे कबूल करते. तरी मला ते हॉस्पिटल चादरी देणाऱ्या बायकांचंच वाटतं.

तिथे फक्त कृष्णवर्णीयांनाच घेत का?

नाही. सगळ्यांना. डॉक्टरांतही दोन्ही वर्णांचे लोक होते. ख्रिश्चन फेंगर यांच्यासारखे नामवंत गोरे सर्जन सल्लागार होते. ‘आपलं वेगळं हॉस्पिटल म्हणजे वेगळेपणा मान्य करणं,’ अशी टीका कृष्णवर्णीय समाजातूनही झाली होती. विल्यम्स यांचं उत्तर होतं, की आपल्याला दार बंद करायचं नाही, उघडायचं आहे.

पहिल्या वर्षी १८९ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी १४१ पूर्ण बरे होऊन घरी गेले, २२ दगावले. प्रतिजैविकं नव्हती, क्ष-किरण यंत्र नव्हतं, त्या काळातले हे आकडे आहेत. स्वच्छता, उकळलेली अवजारं, वेळेवर बदललेली पट्टी आणि रात्रभर जागं असलेलं कुणीतरी, यांवर रुग्ण बरे झाले. यांतलं बरंचसं काम कुणाचं, हे परिचारिकेला सांगावं लागत नाही.

जगातली पहिली हृदयशस्त्रक्रिया प्रॉव्हिडंटमध्ये झाली, हे खरं का?

‘पहिली’ हा शब्द जपून वापरावा. घडलं ते असं.

जुलै १८९३. शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. पुढे सप्टेंबरात विवेकानंदांचं भाषण झालं ती धर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. ९ जुलैच्या रात्री मारामारीत छातीत सुरा लागलेल्या जेम्स कॉर्निश नावाच्या तरुणाला प्रॉव्हिडंटमध्ये आणलं. जखम छातीच्या हाडाच्या डाव्या अंगाला होती आणि आधी वरवरची वाटली. रात्रीतून तो खचत गेला. नाडी मंदावली, श्वास लागला, खोकला थांबेना. छाती उघडायची नाही, हृदयाच्या वाटेला जायचं नाही, असाच तेव्हाच्या सर्जन लोकांचा दंडक होता.

दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांनी छाती उघडली. आतली एक रक्तवाहिनी कापली गेली होती, ती बांधली. हृदयाभोवतीच्या आवरणाला सुमारे सव्वा इंचाची चीर होती. हृदयाच्या स्नायूवरही बारीकसा ओरखडा होता. तो शिवण्याची गरज नाही असं पाहून त्यांनी तो तसाच सोडला. आवरण मात्र शिवलं, आणि ते हलत्या हृदयावर, प्रत्येक ठोक्यागणिक धडधडत असताना. रक्त चढवण्याची सोय नव्हती. तीन आठवड्यांनी छातीत साठलेलं पाणी काढण्यासाठी पुन्हा एकदा शस्त्रक्रिया करावी लागली. ५१ दिवसांनी कॉर्निश चालत घरी गेला आणि त्यानंतर वीसहून जास्त वर्षं जगला.

आता ‘पहिली’चं. सेंट लुइसचे डॉ. हेन्री डाल्टन यांनी १८९१ मध्ये हृदयाचं आवरण शिवलं होतं. खुद्द हृदयाचा स्नायू यशस्वीपणे शिवला तो जर्मनीच्या लुडविग रेन यांनी, १८९६ मध्ये. म्हणून ‘हृदयाच्या आवरणावरच्या अगदी सुरुवातीच्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक’ असं म्हणावं. एवढं म्हणूनही ती गोष्ट तसूभर लहान होत नाही.

आणि एक. सर्जनचे हात छातीत होते ते एका दिवशी. पुढचे ५१ दिवस ताप पाहणं, जखम धुणं, कुशीवर वळवणं, भरवणं हे नर्सिंग स्कूलच्या वॉर्डात झालं. स्कूल सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

स्कूलमध्ये मुली किती होत्या? त्यांना काय काम असे?

पहिल्या तुकडीत सात जणी. त्या काळच्या सगळ्याच हॉस्पिटलांत विद्यार्थिनी हाच वॉर्डचा खरा कर्मचारीवर्ग असे. दिवसभर ड्युटी, उरलेल्या वेळात व्याख्यानं. पदविका मिळाली की बहुतेक जणी लोकांच्या घरी राहून खाजगी सेवा करत, कारण हॉस्पिटलं शिकलेल्या नर्सना नोकरीवर ठेवत नसत, नव्या विद्यार्थिनींकडूनच काम भागवत. आपल्या इंटर्न मुली हे ऐकून एकमेकींकडे बघतात.

स्कूल चाललं ७५ वर्षं. त्यात सुमारे हजार परिचारिका तयार झाल्या.

विल्यम्स शेवटपर्यंत तिथेच होते का?

नाही, आणि ही या कथेतली दुखरी जागा आहे. १८९४ ते १८९८ ते वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स हॉस्पिटलचे प्रमुख सर्जन होते. तिथेही त्यांनी नर्सिंग स्कूल काढलं. परत आले तेव्हा प्रॉव्हिडंटमध्ये डॉ. जॉर्ज क्लीव्हलँड हॉल यांचं वजन वाढलं होतं. हॉल यांच्या सुरुवातीच्या पदवीवरून विल्यम्स यांनी पूर्वी त्यांच्या नेमणुकीला हरकत घेतली होती. तेव्हापासूनची तेढ होती. १९१२ मध्ये विल्यम्स यांना गोऱ्यांच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात नेमणूक मिळाली. ती त्यांनी घेतली म्हणजे आपल्या लोकांशी बेइमानी केली, असा आरोप झाला. त्याच वर्षी त्यांनी स्वतः काढलेल्या हॉस्पिटलचा राजीनामा दिला. १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संस्थापक सदस्यांत ते एकटे कृष्णवर्णीय होते. ४ ऑगस्ट १९३१ रोजी मिशिगनमधल्या आयडलवाइल्ड गावी त्यांचं निधन झालं. मला विचाराल तर विल्यम्स यांचा शिस्तीचा आग्रह रास्त होता. पण हॉल यांनीही त्या हॉस्पिटलला आयुष्य दिलं, हे विसरणं अन्यायाचं होईल.

असं हे एकच हॉस्पिटल होतं का?

नाही. पाठोपाठ अनेक निघाली. फिलाडेल्फियात १८९५ मध्ये फ्रेडरिक डग्लस मेमोरियल, डरॅममध्ये १९०१ मध्ये लिंकन, सेंट लुइसला १९३७ मध्ये होमर फिलिप्स. चाळिशीच्या दशकात अशा हॉस्पिटलांची संख्या शंभराहून अधिक होती. त्यांतल्या काहींना नर्सिंग स्कूल जोडलेलं असे.

स्कूल सोडल्यावर या परिचारिकांना समान वागणूक मिळाली का?

लगेच नाही. परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेत राज्य शाखेमार्फत जावं लागे, आणि दक्षिणेतल्या बऱ्याच शाखा त्यांना घेत नसत. म्हणून १९०८ मध्ये मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये ५२ जणी जमल्या आणि नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड ग्रॅज्युएट नर्सेस ही वेगळी संघटना निघाली. प्रॉव्हिडंटच्या १९०९ च्या तुकडीतली कॅरी बुलक पुढे तिची अध्यक्ष झाली. १९२८ मध्ये तिने संघटनेचं वार्तापत्र सुरू केलं, जेणेकरून दूरदूरच्या गावांत एकेकट्या काम करणाऱ्या नर्सना एकमेकींची खबर लागावी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुरुवातीला कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी जागा ठेवल्या होत्या ५६. सगळ्या देशासाठी! संघटनेच्या मेबल स्टॉपर्स यांनी हा प्रश्न धसास लावला. जानेवारी १९४५ मध्ये नर्सची सक्तीची भरती करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा त्यांनी भर सभेत सर्जन जनरलना, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय विभागाच्या प्रमुखांना विचारलं, की शिकलेल्या कृष्णवर्णीय नर्स रांगेत उभ्या असताना सक्ती कशाला? देशभरातून तारा गेल्या आणि त्याच महिन्यात ती मर्यादा उठली. या स्टॉपर्स बाई शिकल्या कुठे? फ्रीडमेन्सच्या त्याच स्कूलमध्ये, जे विल्यम्स यांनी १८९४ मध्ये काढलं होतं. संघटना १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटनेत विलीन झाली.

शिकागो विद्यापीठाशी करार झाला होता, तो काय होता?

दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेला येत राहिली. शिकागोतली त्यांची वस्ती १९३० पर्यंत २ लाख ३० हजारांच्या वर गेली. हॉस्पिटल १८९८ मध्येच छत्तिसाव्या रस्त्यावरच्या ६५ खाटांच्या इमारतीत गेलं होतं, तेही पुरेना. १९२९ मध्ये विद्यापीठाशी करार झाला, रोझेनवाल्ड निधी या धर्मादाय संस्थेने मदत केली, आणि १९३३ मध्ये प्रॉव्हिडंट एक्कावन्नाव्या रस्त्यावरच्या मोठ्या इमारतीत गेलं. डॉक्टरांना उच्च प्रशिक्षण मिळू लागलं. पण विद्यापीठाचे स्वतःचे दवाखाने जवळच होते, आणि कृष्णवर्णीय रुग्णांना तिथून प्रॉव्हिडंटकडे वळवण्यासाठी हा करार सोयीचा पडतो, ही टीका तेव्हाच झाली. ती मला पटते. १९४४ मध्ये करार संपला.

मग नर्सिंग स्कूल बंद का पडलं?

१९६६ मध्ये बंद पडलं. दोन कारणं एकदम आली. अमेरिकेत नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलांतून कॉलेजांत जाऊ लागलं होतं. १९६५ मध्ये परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेनेच तशी भूमिका घेतली. हॉस्पिटलच्या पैशावर चालणारी छोटी स्कूलं त्यापुढे टिकेनात. दुसरं कारण आनंदाचं आहे. १९६३ मध्ये न्यायालयाने सरकारी मदत घेणाऱ्या हॉस्पिटलांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि १९६६ पासून मेडिकेअरचा, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा पैसा हवा असेल तर वॉर्ड वेगळे ठेवता येईनात. जी दारं एमाला बंद होती ती उघडली. मुली तिकडे गेल्या, डॉक्टर गेले, रुग्णही गेले. ज्यासाठी लढले ते मिळालं, आणि त्यातच आपलं हॉस्पिटल रिकामं होत गेलं. ऐकताना वर्ग शांत होतो.

हॉस्पिटल आज आहे का?

आहे. १९८२ मध्ये नवी इमारत झाली, पण कर्ज आणि घटते रुग्ण यांमुळे १९८७ मध्ये कुलूप लागलं. शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्या कुक काउंटीने ते विकत घेतलं आणि १९९३ मध्ये पुन्हा सुरू केलं. आता ते प्रॉव्हिडंट हॉस्पिटल ऑफ कुक काउंटी या नावाने सरकारी हॉस्पिटल म्हणून एक्कावन्नाव्या रस्त्यावरच चालतं.

आणि एमाचं पुढे काय झालं?

१८९२ मध्ये प्रॉव्हिडंटची पदविका घेऊन ती परिचारिका झाली. तिथे थांबली नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या महिला वैद्यकीय स्कूलमध्ये गेली आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाली. ज्या शहराने तिला नर्सिंगला प्रवेश दिला नव्हता, त्याच शहरात. पुढे टेक्सासमधल्या वेको गावी, मग न्यू ऑर्लिन्सला तिने काम केलं. १९०२ मध्ये आईवडील आजारी पडले तेव्हा त्यांची काळजी घ्यायला ती ओहायोला परतली आणि १९१७ मध्ये मरण येईपर्यंत तिथल्या खेड्यात रुग्ण तपासत राहिली.